परंपरेचा जांगड माल

एखादे वस्त्र किंवा एखादा दागिना प्रचारातून गेला आणि काही दशकांनी परत आला असे म्हटले जाते, तेव्हा तो नेमका कोणाच्या अंगावरून उतरला होता आणि कोणाच्या अंगावर परत चढला, हे दोन प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. फॅशन, म्हणजे एखाद्या काळात पुष्कळ लोकांना एकाच वेळी योग्य वाटू लागणारी आणि पुढे तितक्याच एकमुखाने जुनाट वाटू लागणारी पेहरावाची रीत, समाजाच्या सर्व थरांना सारखीच लागू होते असे गृहीत धरूनच तिच्या जाण्यायेण्याचे इतिहास लिहिले जातात. महाराष्ट्रापुरते पाहिले तर पैठणी, नथ, नऊवारी आणि कोल्हापुरी चप्पल यांची पुनरागमने गेल्या वीसेक वर्षांत डोळ्यांदेखत घडली. परंतु त्यांचा विचार बहुधा पुणे, मुंबई आणि कोल्हापूर येथील अनुभवावरून झाला, आणि राज्याच्या पूर्व टोकाला ती कोणत्या रूपात पोचली याकडे फारसे लक्ष गेले नाही.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यातील गोरेगाव हे तालुक्याचे ठिकाण गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. भोवती धानाच्या बांध्या, जवळच नागझिऱ्याचे जंगल, दिवाळीनंतर गावोगाव भरणारी मंडई, म्हणजे दंडारीसारख्या लोकनाट्यासह होणारी जत्रा, आणि तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारे बस्त्याचे, म्हणजे लग्नघराच्या एकत्रित कापडखरेदीचे, दिवस यांवर तेथील कापडबाजाराचे वर्ष चालते. पुढील संवाद अशा बाजारातील एका दुकानात घडल्याची कल्पना केलेली आहे. त्यातील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत: एक कापडाचे जुने दुकानदार, दुसऱ्या इतिहासाच्या अध्यापिका. वयाच्या मानाने त्या त्यांना ‘काकाजी’ म्हणतात आणि ते त्यांना बाजाराच्या रीतीप्रमाणे ‘मॅडम’. त्यांची मते मात्र कल्पित नाहीत. ती दोन्ही बाजूंनी वारंवार मांडली जातात, आणि एकमेकांसमोर बसवली की कोणते मत कोठे लंगडते ते दिसू लागते.

दुकानदार : कापडाचे चक्र फिरते, मॅडम, आणि ते फिरवायला कोणी लागत नाही. १९७३ मध्ये ‘बॉबी’ आला त्या सुमारास खाली घेर असलेली बेलबॉटम पँट खेड्यातल्या शिंप्यालाही शिवता यावी लागत होती. मुळात तो खलाशांचा पोशाख. नटनट्यांच्या अंगावरून तो कॉलेजात आला आणि कॉलेजातून शेतावर. दहा-बारा वर्षांत त्याची चेष्टा होऊ लागली, नव्वदीत घेर कमी करून ‘बूटकट’ या नावाने तो परतला, पुन्हा गेला, आणि आज मुलींच्या जीन्सला पुन्हा घेर आला आहे. यात संस्कृती शोधण्याची गरज नाही. एक पिढी कंटाळते, दुसरीला तेच नवे वाटते, आणि मधल्या काळात ज्याने जुना माल मोडीत काढला तो हात चोळत बसतो.

अध्यापिका : कंटाळा हे कारण खरे असले तरी अपुरे आहे, काकाजी. कंटाळलेल्या माणसाला नव्या गोष्टींचा तोटा नसतो; तो नेमकी जुनीच का उचलतो आणि जुन्यांतली कोणती उचलतो, हे कंटाळ्यावरून कळत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील अभ्यासक जेम्स लेव्हर यांनी १९३७ च्या ‘टेस्ट अँड फॅशन’ या ग्रंथात यासाठी एक कोष्टकच मांडले होते. त्यांच्या मते पोशाख आपल्या काळाच्या दहा वर्षे आधी असभ्य वाटतो, वर्षभर आधी धाडसी आणि आपल्या काळात देखणा. काळ सरल्यावर वर्षभरातच तो गबाळा दिसतो, दहा वर्षांनी विद्रूप, वीस वर्षांनी हास्यास्पद, तीस वर्षांनी गमतीदार, सत्तर वर्षांनी मोहक, शंभर वर्षांनी रम्य आणि दीडशे वर्षांनी सुंदर.

दुकानदार : हे कोष्टक याच गादीवर बसून केलेले दिसते. बस्त्याला येणाऱ्या मुली आजीच्या लुगड्यासारखे काहीतरी मागतात. आईच्या लग्नातली साडी, मग ती कितीही जपून ठेवलेली असो, कोणालाही नको असते.

लेव्हर यांनी हे कोष्टक काहीसे विनोदाच्या अंगाने मांडले असले तरी त्यात एक खरे निरीक्षण आहे: जे नुकतेच टाकले त्याची लाज वाटते आणि जे आपण कधी वापरलेच नाही त्याचा मोह पडतो. त्याची मर्यादा वेगळी आहे. कोष्टकात वर्षांचे रकाने आहेत, माणसांचे नाहीत. जणू असभ्यापासून सुंदरापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या सगळ्यांनी बरोबरीने चढायच्या असतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०४ च्या फॅशनवरील निबंधात माणसांचा रकाना आधीच भरला होता. वरचा वर्ग वेगळा दिसण्यासाठी काही धारण करतो, खालचा वर्ग त्याचे अनुकरण करतो, आणि अनुकरण पुरेसे पसरले की वरचा वर्ग ते सोडून पुढे सरकतो, असा तो युक्तिवाद होता. वरून खाली झिरपण्याचा सिद्धान्त म्हणून तो पुढे ओळखला गेला. परंतु झिमेल जाण्याबद्दल जितके सांगतात तितके परतण्याबद्दल सांगत नाहीत, आणि गोरेगावच्या दुकानातला प्रश्न परतण्याचा आहे.

अध्यापिका : शिवाय परत आले म्हणतो ते पूर्वी तसे होते का, हेही पाहावे लागते. नथीचे उदाहरण घेता येईल. आज नथ म्हणजे मराठीपणाची खूण. ती नाकात असतेच, शिवाय ब्लाऊजच्या पाठीवर भरतकामात आणि टी-शर्टावर छापलेलीही असते. पण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेवर लेख लिहून पुरावे गोळा केले तेव्हा प्राचीन संस्कृत साहित्यात आणि शिल्पांत नाकातला दागिना जवळपास आढळत नाही, आणि त्याचे उल्लेख पहिल्या सहस्रकाच्या अखेरीनंतरच दिसू लागतात, हे स्पष्ट झाले. अनंत सदाशिव आळतेकर यांचेही मत त्याच दिशेचे होते. ज्याला आपण सनातन समजतो तो दागिना एके काळी नवीन फॅशनच होता.

दुकानदार : मग त्याने बिघडले काय? हजार वर्षांपूर्वीची असो की कालची, नथ विकली जाते. आता तर नाक टोचलेले नसले तरी चालते. चापाची नथ लावली, फोटो काढला आणि संध्याकाळी काढून ठेवली.

येथे दुकानदारांचे उत्तर वरवरचे वाटले तरी ते एका महत्त्वाच्या गोष्टीला स्पर्श करते. टोचलेल्या नाकातली नथ स्त्रीच्या वयाशी, सौभाग्याशी आणि घराण्याशी बांधलेली होती. चापाची नथ त्या दिवसाशी बांधलेली आहे. दागिना तोच राहून त्याचा करार बदलला. नऊवारीचेही असेच झाले. सकच्छ नेसण, म्हणजे निऱ्यांचा काष्टा मागे खोचून नेसण्याची पद्धत, ही श्रमाला सोयीची आणि त्याच वेळी घरंदाजपणाची अशी दुहेरी होती. कोणती कोणाची हे काष्ट्याच्या ठेवणीवरून, घोट्याच्या वर की गुडघ्याच्या वर यावरून आणि काठावरून ओळखू येई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्ञानदानंदिनी देवी टागोर यांनी मुंबईतील वास्तव्यानंतर पारशी स्त्रियांच्या धर्तीवर पोलके आणि परकर यांच्या शिस्तीत बसणारी साडी बंगालमध्ये रूढ केली, आणि पुढे त्याच वळणाची पाचवारी देशभर शिक्षित स्त्रीची ओळख झाली. त्याच सुमारास राजा रविवर्मा यांनी आपल्या अनेक नायिकांना मराठी नेसण दिली, आणि १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्यातून निघालेल्या चित्रांनी ती घराघरांच्या भिंतींवर नेली. म्हणजे प्रत्यक्ष अंगावरून नऊवारी उतरू लागली त्याच काळात ती चित्रांत स्थिरावत होती. पुढे नाटक, तमाशापट आणि डिसेंबर २०१५ मधील ‘बाजीराव मस्तानी’सारखे चित्रपट यांनी जी नऊवारी परत आणली ती बव्हंशी या चित्रांतली आहे.

अध्यापिका : आणि ती शिवलेली आहे. पँटसारखी पाय घालून चढवायची रेडीमेड नऊवारी. हेही अगदी नवे नाही. कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी १९६८ च्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात मुमताज यांच्यासाठी आधीच शिवून ठेवलेली, चेन लावलेली साडी केली होती. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय, तो ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी. पण लग्नसराईच्या बाजारावरचा त्यांचा परिणाम शोधायचा तर त्या चेनपासून सुरुवात करावी लागेल.

दुकानदार : शिवलेली नसती तर या मुलींनी नेसलीच नसती. नेसवणारी आजी घरात राहिली नाही.

आतापर्यंतचा वाद पुण्यातही असाच झाला असता. तो गोरेगावचा होतो तो पैठणीच्या गठ्ठ्यापाशी. दुकानदारांच्या म्हणण्याप्रमाणे नवरीला नेसवायची साडी म्हणून हल्ली पैठणी मागितली जाते, किंवा किमान मोर-पोपटाचा पदर असलेली तिची यंत्रमागावरची नक्कल. आणि ही मागणी वाढण्याचे श्रेय ते निःसंकोचपणे २००४ साली सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाला देतात, कारण त्यातल्या विजेत्या गृहिणीला रोज पैठणी मिळताना अख्खा महाराष्ट्र पाहत होता. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशातील विशिष्ट पद्धतीच्या मालालाच ते नाव वापरता यावे असे कायदेशीर संरक्षण, मिळाले. तरी येवल्याच्या हातमागाचे नाव आणि परराज्यातल्या यंत्रमागाचा माल हा प्रकार काही थांबला नाही. अध्यापिकांचा आक्षेप मात्र नकलेवर नाही.

अध्यापिका : या भागात पैठणी परत आली असे म्हणणेच चुकीचे आहे, काकाजी, कारण ती येथून कधी गेली नव्हती, ती येथे कधी नव्हतीच. झाडीपट्टीतल्या, म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातल्या या वनप्रदेशातल्या, शेतकरी घरांत आजीच्या पेटीत निघाले तर नागपुरी काठाचे लुगडे निघेल, आणि घर जरा सधन असेल तर करवतकाठी निघेल. मुलगी आजीचे म्हणून मागते ते दुसऱ्याच प्रदेशातल्या आजीचे असते. आणि जे खरोखर या जंगलातून आले ते या कपाटात एकही नाही.

करवतकाठी ही विदर्भाची साडी. तिचे अंग टसर रेशमाचे, ज्याला येथे कोसा म्हणतात, आणि काठ गडद रंगाच्या सुताचा. त्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी टोके ओळीने चढत जातात. अंगाचा धागा आणि काठाचा धागा वेगळा असल्यामुळे आडवे विणकाम तीन धोट्यांनी करावे लागते: दोन काठांसाठी दोन, मधल्या अंगासाठी एक, आणि जेथे ते भेटतात तेथे ते एकमेकांत अडकवून सांधा पक्का करायचा असतो. ही कसरत कोष्टी विणकरांच्या हाताची. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातले आंधळगाव अशा कामासाठी नावाजलेले आहे. हिलाही भौगोलिक मानांकन आहे. परंतु मानांकनाचे प्रमाणपत्र विणकरापर्यंत पोचले म्हणजे साडी बस्त्यापर्यंत पोचते असे नाही, ही गोष्ट शासकीय पत्रकांत क्वचितच येते.

धाग्याची गोष्ट विणकामाच्याही आधीची आहे, आणि ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. तुतीच्या पानांवर घरात वाढवलेल्या किड्यांपासून मिळते ते नेहमीचे पांढरे रेशीम. टसराचे किडे मात्र उघड्या जंगलात ऐन आणि अर्जुन या झाडांवर सोडावे लागतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत हे काम मुख्यतः ढिवर समाजातील कुटुंबे करीत आली. अंड्यांतून निघालेल्या अळ्या झाडावर चढवल्या की पाखरे, मुंग्या आणि गांधीलमाश्या यांच्यापासून त्यांची दिवसभर राखण करायची, एका झाडाचा पाला संपला की फांद्यांसकट त्यांना दुसऱ्यावर हलवायचे, आणि शेवटी फांदीला कडक देठाने लटकलेले कोश उतरवायचे. हे कोश वजनावर नव्हे, नगावर विकले जातात. कोश इतका टणक असतो की सोड्याच्या पाण्यात शिजवल्याखेरीज तो सुटत नाही, आणि मग बायकांनी मांडीवर वळून काढलेला धागा कुठे जाड, कुठे बारीक असा येतो. कोशाच्या कापडाला जो खडबडीत उबदारपणा असतो तो याच असमानतेचा. नागपूरला मुख्यालय असलेले राज्याचे रेशीम संचालनालय रोगमुक्त अंडीपुंज पुरवून या कामाला आधार देते. तरीही देशातल्या टसर व्यवसायात उभ्या ताण्यासाठी परदेशातून आलेला सारखा धागा वापरण्याची प्रथा पडली आहे, कारण मांडीवरचा धागा मागावरच्या ताणाला तुटतो.

दुकानदार : हे सगळे ऐकायला चांगले आहे, पण येथल्या बायकांनी लुगडे का सोडले हे विचारायला हवे. कोणी सक्ती केली नव्हती. पॉलिएस्टरची साडी आली तेव्हा ती पाच वार होती, म्हणजे कापड जवळपास निम्मे. किंमत त्याहून कमी. पिळून टाकली की वाळते, इस्त्री नको. पावसाळ्यात चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाईला दोन लुगडी असत, आणि एक वाळेपर्यंत दुसरे ओले होई. तिला सिंथेटिक साडीने जे सुख दिले ते कोणत्याही परंपरेने दिले नव्हते. आता पंख्याखाली बसून तीच परंपरा तिला परत विकायची असेल तर ती हसेल.

अध्यापिकांकडे याला तत्काळ उत्तर नाही, आणि असू नये. हातमागाच्या पुनरुज्जीवनाच्या बाजूने लिहिणारे अभ्यासक रोवणीतल्या स्त्रीचे ओले लुगडे विसरतात, हा आरोप रास्त आहे. दुकानदार मात्र तेथेच थांबत नाहीत.

दुकानदार : आणि ज्यांना ठरावीकच दागिने घालायची सक्ती होती त्यांचे काय? हल्ली शहरातली मंडळी जाड चांदीचे गोट, वाळे, गळसऱ्या ‘आदिवासी दागिने’ म्हणून हौसेने घेतात. पण त्याच घडणीचे दागिने या बाजारात दलित वस्तीतल्या म्हाताऱ्या बाईसमोर ठेवले तर ती तोंड फिरवते.

अध्यापिका : ती डिसेंबर १९२७ पासून तोंड फिरवून आहे, काकाजी. महाडला चवदार तळ्याच्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. गळाभर गळसऱ्या आणि हातभर कथलाच्या किंवा चांदीच्या पाटल्या ही अस्पृश्यतेची ओळखपत्रे आहेत, ती टाका, लुगडे सवर्ण स्त्रिया नेसतात तसे नेसा, असे त्यांनी सांगितले. आणि स्त्रियांनी नेसण बदलली. वेशभूषेच्या इतिहासात याला फॅशनचा बदल म्हणून कोणी नोंदवीत नाही, पण एवढ्या थोड्या वेळात एवढ्या विचारपूर्वक झालेला बदल मराठी समाजात दुसरा दाखवणे कठीण आहे.

या एका मुद्द्यावर दोघांच्या पक्षांची अदलाबदल होते, आणि संवादाचा खरा विषय उघडा पडतो. एखादी वस्तू परत आणता येते ती ज्याला ती आपल्या मर्जीने सोडता आली होती त्यालाच. ब्राह्मणी नथ आणि पेशवाई थाटाची नऊवारी ज्या घरांनी शिक्षण, नोकरी आणि सोय म्हणून बाजूला ठेवली, त्यांच्या नातींना ती शंभर वर्षांनी रम्य वाटू शकते. लेव्हर यांचे कोष्टक त्यांच्यापुरते खरे आहे. ज्यांच्या अंगावर तो दागिना जातीने चढवला होता त्यांच्यासाठी तो तीस वर्षांनी गमतीदार होत नाही आणि शंभर वर्षांनी रम्यही होत नाही. उलट नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेसाठी जमलेल्या लाखोंनी जे पांढरे वस्त्र घातले ते विदर्भातल्या बौद्ध घरांत आजही लग्नात आणि वंदनेला वापरले जाते. ते कधी गेलेच नाही, म्हणून त्याच्या पुनरागमनाची बातमी होत नाही. गांधी टोपीचेही काहीसे तसेच. २०११ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावरील अण्णा हजारे यांच्या उपोषणानंतर ‘टोपी परतली’ असे सगळीकडे म्हटले गेले, पण महाराष्ट्रातल्या खेड्यांत ती म्हाताऱ्यांच्या डोक्यावरून उतरली नव्हती. पुनरागमनाची घोषणा करणारा बहुतेक वेळा सोडून जाणाऱ्यांपैकीच असतो.

कोल्हापुरी चप्पलेचे प्रकरण याच सूत्रातले असले तरी त्यावर इतके लिहिले गेले आहे की येथे थोडक्यात आटोपता येईल. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील चार-चार जिल्ह्यांसाठी मिळून तिला २०१९ साली मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमधील प्रदर्शनात तशाच घडणीच्या चपला उगमाचा उल्लेख न करता दाखवल्या, आणि टीका झाल्यावर प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले. संताप उसळला तो नाव न घेतल्याबद्दल. चामडे कमावणाऱ्या आणि चप्पल बांधणाऱ्या समाजाला त्याच कामामुळे पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवणाऱ्यांनीही त्या संतापात आवाज मिसळला होता, याची नोंद मात्र फार थोड्यांनी घेतली.

अध्यापिका : मग करवतकाठी कोणाची? ढिवराने राखण केली, कोष्ट्याने विणली, आणि नेसली ती बहुधा मालगुजाराच्या घरात, देवपूजेच्या सोवळ्याला. आज ती परत आणा म्हणताना त्या तिघांपैकी कोणाची परंपरा परत येते?

दुकानदार : विकली तर पहिल्या दोघांचे पोट, न विकली तर कोणाचेच काही नाही. या प्रश्नाचे उत्तर गल्ल्यावर मिळते. तरी मॅडम एवढ्या म्हणतातच, तर चार-सहा करवती या कपाटात ठेवता येतील, पण जांगड.

जांगड म्हणजे विकला गेला तर पैसे, नाही तर माल परत, या बोलीवर घेतलेला माल. त्याची नोंद वेगळ्या वहीत होते आणि विक्री होईपर्यंत त्याची मालकी देणाऱ्याकडेच राहते. घाऊक व्यापारी किरकोळ दुकानदाराला पैठणीच्या नकला जांगड देऊ शकतो, कारण त्याच्यामागे मोठी गिरणी आणि मोठी पत असते. विणकराच्या बाबतीत जांगडीचा अर्थ उलटा होतो.

अध्यापिका : म्हणजे सगळा धोका ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसा आहे त्याच्या माथी. सुताचे पैसे त्याने आधी मोजायचे, माग अडकवून ठेवायचा, आणि साडी उन्हाळ्यात परत आली तर घडीवर चिरलेला कोसा पुन्हा कोणाला दाखवायचा?

दुकानदार : आणि रोख घेतली तर घडी याच कपाटात चिरेल. दहा बस्त्यांत एखादी करवतकाठी उठेल. मुलीच्या आईला ती रंगहीन वाटते. हळदीनंतर पुन्हा हळदीचाच रंग कशाला, असे तोंडावर विचारले जाते.

अध्यापिका : तो रंगहीन नव्हे, कोशाचा स्वतःचा रंग आहे. तो झाकला तर मग यंत्रमागावरच्या साडीत आणि हिच्यात फरक काय राहिला?

दुकानदार : अंगाचा रंग राहू द्या. काठ तेवढा बदला. जुन्या करवतीचा काठ दोन-अडीच बोटे असतो, तो फोटोत दिसत नाही. तो चांगला वीतभर करा, लाल किंवा गडद हिरवा, आणि पदराला काही तरी भरगच्च द्या. मग नवरीला नाही तरी वरमाईला दाखवता येईल.

अध्यापिका : वीतभर काठाला सूत जास्त लागेल, धोटाही वेगळा चालेल, आणि दाते मोठे केले तर करवत राहणार नाही, डोंगर होतील. चार बोटांवर तडजोड होऊ शकते. पण अर्धे पैसे आधी द्यावे लागतील, आणि उरलेले जांगड.

दुकानदार : अर्धे नाही, तिसरा हिस्सा. आणि माल तुळशीच्या लग्नाआधी दुकानात हवा.

अध्यापिका : तुळशीच्या लग्नाआधी हवा असेल तर पैसे पावसाळ्यात द्या, कारण पहिल्या पिकाचे कोश तेव्हाच उतरतात, आणि ते दुसऱ्या जिल्ह्यातल्या व्यापाऱ्याने उचलले की येथल्या मागावर परदेशी धागाच चढतो.

दुकानदार : पावसाळ्यात या बाजारात कोणाच्या हातात पैसा असतो, मॅडम? सगळा रोवणीत गेलेला असतो.